सुपातलं नाव

माझा धाकटा भाऊ परमेश्वर यानं पुण्याहून नावांची यादी पाठवली, तेव्हा मी शाळेत पोषण आहाराची खिचडी चाखून बघत होते. सत्तावीस नावं होती आणि सगळ्यांचा अर्थ एकच, श्रद्धा नाहीतर विश्वास. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली होती. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, नवससायास झाले. त्याची बायको भक्ती म्हणायची, आम्ही नुसत्या विश्वासावर तग धरला, तर पोरीचं नावही तेच ठेवू. नाव ठेवायचा मान माझा, कारण मी पोरीची आत्या. मान माझा आणि यादी त्यांची, असं आजकाल चालतं.

यादीत श्रद्धा, आस्था, निष्ठा ही घरची मंडळी आधी होती. मग जगाची सहल सुरू झाली. रशियातली वेरा, इंग्रजांची फेथ, हिब्रूतली एमुना, आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतली इमानी. इमानीपुढं भक्तीनं लाल बदाम टाकला होता. आणि त्याच्याच खाली 'ईमान, अरबी' असं होतं. त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी परमेश्वरनं लिहिलेलं, 'हे सोडून, ताई.'

रेघ मारलेलं नाव आमच्या सख्ख्या आत्याचं होतं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची आणि परमेश्वर सहाचा. तेव्हापासून जिनं आम्हाला वाढवलं, तिचं. आफ्रिकेतलं नाव चालत होतं, आमच्या बोरी गावातलं चालत नव्हतं. खिचडीत मीठ कमी आहे म्हणून मी स्वयंपाकाच्या बाईंवर उगाच ओरडले. मीठ बरोबर होतं.

आता आत्याला हे नाव कुठून आलं ते सांगते. आमच्या आजीचं नाव कडूबाई. तिच्या आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. कडूबाई वाचली, पण तिची चार लेकरं एकामागं एक गेली. पाचव्यांदा मुलगी झाली तेव्हा कडूबाईनं ठरवलं, हे लेकरू आपलं म्हणायचंच नाही. बाळंतपण करायला आलेली खैरूनबी गल्लीच्या त्या टोकाला राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. कडूबाईनं पोरगी सुपात घातली आणि तिच्यापुढं धरली. खैरूनबी घरी गेली, दुसऱ्या सुपात ज्वारी घेऊन आली. सुपातून लेकरू गेलं, सुपातून ज्वारी आली, सौदा झाला. विकलेल्या लेकराचं नाव विकत घेणारीनं ठेवायचं असतं. खैरूनबीनं ईमान ठेवलं. भरवसा, असा त्याचा अर्थ तिनं कडूबाईला सांगितला. तासाभरानं पोरगी दूध प्यायला परत कडूबाईकडं आली, ती सांभाळायला दिलेली परक्याची पोर म्हणून. आणि ती जगली.

जगली म्हणजे चांगली जगली. बोरीच्या शिवारात कापूस वेचायला तिच्या बरोबरीनं कुणी टिकत नसे. नर्मदाबाई म्हणून तिची जोडीदारीण होती. ती सांगायची, ईमानचा हात पुढं का तोंड पुढं हे कळायचं नाही. जिंतूरकडच्या एका गावात तिला दिली होती. सहा वर्षांत मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली. त्याच आठवड्यात आत्या पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन माहेरी परत आली. कुणी समजूत घालायला आलं की म्हणायची, "सवतीच्या पोरांची नाकं पुसायला मी काय रिकामी हाय का?" आणि मग आमची नाकं पुसण्यात तिचं आयुष्य गेलं.

तिला दोन आया होत्या. कडूबाईला ती माय म्हणायची आणि खैरूनबीला अम्मा. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट गल्लीच्या त्या टोकाला जायचं आणि ईदला तिकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. आत्याच्या लग्नात हिरवं लुगडं खैरूनबीनं नेसवलं होतं. खैरूनबी वारली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आत्या दिवसभर त्या गल्लीत भिंतीला टेकून बसली. घरी आली, अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि दहा दिवस सुतक धरून बाजूला बसली. कडूबाईनं लांबून भाकरी सरकवली. एका शब्दानं बोलली नाही. गावही बोललं नाही. त्या वेळी त्यात बोलण्यासारखं कुणाला काही दिसलं नसावं.

बोलायला सुरुवात आम्ही शिकलेल्यांनी केली. आधार कार्डाचं शिबिर शाळेत भरलं होतं. परमेश्वर तेव्हा नुकताच इंजिनियर होऊन पुण्याला लागला होता, सुट्टीला आला होता. आत्याला घेऊन तोच गेला. मशीनवर बसलेल्या मुलानं नाव विचारलं आणि यानं सांगितलं, इंदूबाई. पुढं कटकट नको, असं त्याचं म्हणणं. आत्याला वाचता येत नव्हतं. पुढं कधीतरी रेशनच्या दुकानात इंदूबाई, इंदूबाई असा पुकारा झाला आणि आत्या ओट्यावर बसूनच राहिली. सगळे गेल्यावर दुकानदारानं कार्ड बघून सांगितलं, अहो, हे तुमचंच. घरी येऊन तिनं मला विचारलं, "अर्पे, ही इंदूबाई कोण गं?"

मी तिच्या हातातली धान्याची पिशवी उतरवून घेतली. दादा, म्हणजे आमचे वडील, तिचे धाकटे भाऊ, ओसरीवर बसले होते. त्यांचं नाव आश्रुबा. तेही मोहरमच्या सवारीला बोललेल्या नवसाचं, आशुऱ्यावरून ठेवलेलं, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही म्हणून वाचलं. दादा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. शेवटी आत्याच म्हणाली, "असू दे. कागदाला काय कळतंय." आणि उठून चुलीकडं गेली.

तर ती यादी घेऊन मी त्या रविवारी सेलूच्या माझ्या घरून बोरीला गेले. आत्या बाजेवर होती. पाय सुजलेले, परभणीच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, आणि तरी उशाला लोणच्याची बरणी. मी नावं वाचून दाखवली. वेरा ऐकून म्हणाली, "हे काय नाव हाय का? तोंडात गरम घास धरल्यावानी." एमुनाला तर तिनं हातच जोडले. हसता हसता तिला खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "मह्यं न्हाई का त्याच्यात?"

"आहे की," मी म्हटलं. रेघेचं सांगितलं नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला समजलं. आमची तोंडं तिनंच धुतलेली, तिच्यापासून काय लपणार?

"हे बघ अर्पे," ती म्हणाली, "पाळण्यावर मोठ्यानं काय बी सांगा. आस्था म्हणा, फास्था म्हणा. मह्यं काय म्हणणं न्हाई. पर त्याच्या आदी तिच्या कानात एकडाव मह्यं नाव टाक. कुणाला ऐकू जायचं न्हाई. बाया पाठीत धपाटे घालायल्या असत्यात, कोण ऐकतंय?"

"तूच सांग की तिच्या कानात. तुला कोण अडवतंय?"

"मी सांगून भागत न्हाई. पोरीच्या आत्यानंच टाकावं लागतंय, पाळण्यातच. अम्माच्या मागं कुणी न्हाई राहिलं. ती मला म्हणली, ईमान, मी तुला एवढंच दिलं, तुह्या घरात जी जी पोरगी येईल तिला ते पोचव. आता ह्या घरात पोरगी आली. मी तशीच मेले तर अम्माला काय तोंड दाखवू?"

मला दोन्ही मुलगेच. परमेश्वरला इतक्या वर्षांनी ही एक. म्हणजे बाईचं बरोबरच होतं, दुसरी संधी नव्हती. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "टाकते, आत्या." त्या वेळी मी मनापासून सांगितलं. एवढ्यावर तरी विश्वास ठेवा.

बारसं सव्वा महिन्यानं बोरीतच झालं. अंगणात मांडव, जिंतूरहून भक्तीच्या माहेरची माणसं, पाळण्याला झेंडूच्या माळा. सकाळी कुणीतरी हाक मारली, "ईमानबाई, हळद कुठं ठिवली?" भक्तीच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवून परमेश्वरला विचारलं, "हे कुणाचं नाव हो, जावईबापू?" परमेश्वर म्हणाला, "इंदूआत्या. गावात म्हणतात काहीतरी." आत्या चार हातांवर खुर्चीत बसली होती. तिला तेव्हा अर्धंच ऐकू यायचं. हे त्या अर्ध्यात होतं की नव्हतं, देव जाणे. तिनं फक्त पदर नीट केला आणि हळद कुठं आहे ते सांगितलं.

पाळण्याजवळ तिला कुणी बोलावलं नाही. टाकलेली बाई, पुढं तो नवराही मेलेला, तेव्हा ती कोपऱ्यातच बसणार हे ती धरूनच होती. तिची नजर माझ्यावर होती. बाळ पाळण्यात घातलं. खालून वरवंटा इकडून तिकडं झाला. मी वाकले. बायांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली आणि नर्मदाबाई त्या वयातही सगळ्यात पुढं होती. बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी ओठ कानाला लावले, कुर्रर्र केलं, आणि तेवढ्यात भक्तीची मावसबहीण मोबाईल घेऊन माझ्या गालापाशी आली. तिला जवळून व्हिडिओ पाहिजे होता.

मला वाटलं, हे यात येईल. जिंतूरला ऐकतील, पुण्याला ऐकतील. भक्तीचे वडील कप खाली ठेवून पुन्हा विचारतील, हे काय नाव? आणि परमेश्वर नऊ वर्षांनी हसतोय. हे सगळं एका श्वासात वाटलं. मी आस्था म्हटलं. तीनदा म्हटलं, आस्था, आस्था, आस्था. मग ताठ उभी राहिले आणि नाव मोठ्यानं जाहीर केलं. पेढे सुरू झाले.

आत्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. तिनं हनुवटी जराशी वर केली, टाकलंस का, अशी. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. एरवी वाटेल ते बोलणारी मी, पण त्या माणसांसमोर नाही म्हणायला माझं एवढंसं डोकं हललं नाही. आत्यानं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली, तिथूनच माझी दृष्ट काढली. इतकी खूश मी तिला माझ्या लग्नातही बघितली नव्हती.

त्यानंतर भक्ती आणि बाळ महिनाभर बोरीत होती. मी दर रविवारी जायचे. अंगणात कुणी नसलं की आत्या बाळाला मांडीवर घ्यायची आणि हळूच म्हणायची, "ईमान, ए ईमान." बाळ आवाजाकडं वळायचं. दोन महिन्यांचं बाळ कोणत्याही आवाजाकडं वळतं. आत्या माझ्याकडं बघून म्हणायची, "बघ, नाव वळखलं तिनं. कानात गेलेलं जात न्हाई कुठं." मी चहा करायला आत निघून जायचे.

सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर ओठांपर्यंत आलं होतं. पण ती म्हणाली, "अर्पे, लय मोकळं वाटायलंय बघ. सूजसुद्धा उतरल्यावानी वाटायली." सूज उतरली नव्हती, वाढली होती. मी तिचे पाय चेपत बसले. तिच्या सुखासाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी लाज राहावी म्हणून बसले.

एका मंगळवारी दुपारी जेवून ती आडवी झाली आणि उठलीच नाही. दादांनी फोन केला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात होते. मृत्यूच्या दाखल्यावर इंदूबाई लागलं. मयतीला आलेल्या बाया मात्र ईमानबाई, ईमानबाई म्हणूनच रडत होत्या आणि त्या दिवशी कुणी कप खाली ठेवून काही विचारलं नाही. गल्लीच्या त्या टोकाची चारपाच माणसं आली, लांब उभी राहिली आणि शेवटपर्यंत चालत आली.

दहाव्याच्या दिवशी नर्मदाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या हाताला सतत काहीतरी लागतं, म्हणून मी तिच्यापुढं निवडायला तांदूळ ठेवले होते. खडे बाजूला काढत ती म्हणाली, "तुह्या बारशाला बी मीच व्हते बघ धपाटे घालायला."

"माझ्या?"

"तुह्या न्हाई तर कुणाच्या? ईमान वाकली पाळण्यात. तुह्या मायला अर्पिताच पाहिजे व्हतं. ईमाननं आदी तुह्या कानात आपलं नाव टाकलं, मंग अर्पिता म्हणली. मी तिच्या पाठीवरच व्हते, मला ऐकू आलं. कुणाला बोलले न्हाई आजवर. मंग तिनं दाराकडं बघून मान हलवली. दारात खैरूनबी हुबी व्हती. ती रडायली व्हती."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. चाळीस वर्षं हे नाव माझ्या कानात होतं आणि मला पत्ता नव्हता. आत्यानं कधी सांगितलं नाही. ती देणं देऊन गप्प बसली होती. तिनंही मान हलवली होती, आणि तिची मान खोटं बोलली नव्हती.

"तू टाकलंस न्हवं पोरीच्या कानात?" नर्मदाबाईनं विचारलं. "मला आता ऐकू येत न्हाई बाई, म्हातारी झाले. म्हणून इचारायले."

मी उठून विहिरीवर गेले. तिथं मी रडले ते आत्या गेली म्हणून नव्हे, स्वतःच्या शरमेनं.

पुण्याला परत गेल्यावर भक्तीनं बारशाचा व्हिडिओ पाठवला. तो मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. कानाला लावून ऐकला, आवाज पूर्ण करून ऐकला. त्यात कुर्रर्रसुद्धा येत नाही. बायांचं हसणं येतं, धपाट्यांचा आवाज येतो, मांडवातलं गाणं येतं. माझे ओठ हलताना दिसतात, बस. मी ईमान म्हटलं असतं तर जगात फक्त एका बाळाला ऐकू गेलं असतं. आत्यानं हेच तर सांगितलं होतं, कोण ऐकतंय.

दिवाळीला ते सगळे बोरीला आले. भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर मी परमेश्वरला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. वचन, मोबाईल, मान हलवणं, नर्मदाबाईचं बोलणं. मला वाटलं तो चिडेल, नाहीतर बरं केलंस म्हणेल. दोन्हीची तयारी होती. तो ओवाळणीच्या ताटातली सुपारी इकडून तिकडं करत राहिला.

"टाकायचं होतंस गं ताई," तो म्हणाला. "मी काय म्हणालो असतो? रेघ तर मी कागदावर मारली होती."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याला फाडकन काहीतरी बोलायचं होतं, की बाबा रे, कागदावरच्या रेघा अशाच पुढं जातात. पण कोणत्या तोंडानं बोलणार? त्याचं भिणं मी पुढं नेलं होतं, तेही त्यानं मागितलं नसताना. आत बाळ उठल्याचा आवाज आला.

भक्ती न्हाणीत होती. मी आत गेले. पाळणा काढून ठेवलेला होता, बाळ आत्याच्या बाजेवर उशांच्या मधे पडलं होतं. मी वाकले. पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं. तिच्या कानाला ओठ लावून मी म्हटलं, "ईमान." तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली आणि तिनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. मी आणखी एकदा म्हटलं.

मग सवयीनं माझी मान वर झाली, कोपऱ्यातल्या आत्याच्या खुर्चीकडं, टाकलं म्हणून सांगायला. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता.